43 व्या वर्षी, मागे कोणी नसताना काम बदलावे का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी तो थोडक्यात सांगते. तुमचे वय 43 आहे, लग्न केलेले नाही आणि लातुरात 74 वर्षांच्या आईसोबत तुम्ही राहता. बी.कॉम. झाल्यावर काही वर्षे तुम्ही कापड दुकानात हिशेब लिहिलेत आणि गेली 8 वर्षे 10 महिने एका विनाअनुदानित शाळेच्या कार्यालयात 19,000 रुपये पगारावर काम करत आहात. वडील 2009 मध्ये गेले, भाऊ पुण्यात आहे आणि घर अजून वडिलांच्याच नावावर आहे. शाळेत यापुढे काही वाढ होणार नाही हे तुम्हाला दिसते आहे. म्हणून 1,20,000 रुपयांचा डिजिटल मार्केटिंगचा ऑनलाइन कोर्स हप्त्यांवर घ्यावा आणि नोकरी सोडावी का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे: "मागे कोणी नाही, मग या वयात हे धाडस करावे का?" खरा प्रश्न या ओळीत आहे, असे मला वाटते, कोर्सचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे आणि त्याकडे मी नंतर येते.

मी 2002 ते 2011 या काळात एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते. त्यानंतर लातूर, धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांतल्या छोट्या व्यावसायिकांना हिशेब, कर्जप्रस्ताव आणि धंद्याची घडी बसवणे यांबाबत सल्ला देण्याचे काम करते. मीही अविवाहित आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या एकट्या व्यक्ती बऱ्याच असतात. त्यांत अविवाहित, घटस्फोटित आणि विधवा स्त्रिया असतात, आणि अलीकडे लग्न न जमलेले शेतकरी कुटुंबांतले पुरुषही येऊ लागले आहेत. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे सर्वांना लागू पडेल असे उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या बाबतीत आईची तब्येत कशी आहे आणि हातात शिल्लक किती आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. या दोन गोष्टींवर बरेच अवलंबून असल्याने काही ठिकाणी मला "जर" लावूनच बोलावे लागेल.

चाळिशीनंतर काम बदलायचे म्हटले की वय आड येते, असे सगळे सांगतात. माझ्यासमोर ज्यांचे बेत फसले त्यांपैकी फार थोड्यांचे वयामुळे फसले. बहुतेकांचे बेत पहिल्या वर्षातल्या एखाद्या वाईट महिन्यात मोडले, कारण त्या महिन्यात घरात दुसरा पगार नव्हता. नवरा-बायकोपैकी एकाने नोकरी सोडली तर दुसऱ्याच्या पगारावर किराणा येतो, वीजबिल भरले जाते, औषधे आणली जातात. तो दुसरा पगार म्हणजे बिनव्याजी आणि बिनतारणाचे भांडवल असते, पण ते कोणत्याही हिशेबात लिहिले जात नाही. म्हणून त्यांच्या यशाच्या गोष्टी ऐकून आपण आपले बेत आखतो तेव्हा चूक होते. "मागे कोणी नाही" हे तुम्ही मनाच्या अंगाने लिहिले असेल. मी ते हिशेबाच्या अंगाने वाचते. मागे उभे राहणारे माणूस नसेल, तर ते काम पैसा, विमा, घराचे कागद आणि स्वतःचा वेळ यांच्याकडून करून घ्यावे लागते, आणि तेही नोकरी सोडण्याच्या आधी. तसे करता आले तर हे धाडस जरूर करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी स्वतः चुकून शिकले. 2011 मध्ये वयाच्या 41 व्या वर्षी मी बँक सोडली आणि भविष्य निर्वाह निधीची सगळी रक्कम काढून कार्यालयाची अनामत, टेबल-खुर्च्या आणि संगणक यांत घातली. पहिले वर्ष बरे गेले. 2012 मध्ये पाऊस गेला आणि तो दुष्काळ 2013 च्या उन्हाळ्यापर्यंत टिकला. माझे ग्राहक म्हणजे कृषी सेवा केंद्रे, ठिबकचे विक्रेते आणि मोंढ्यातले छोटे आडते होते; त्यांच्याकडेच पैसा नव्हता, तर ते माझी फी कुठून देणार? त्याच हिवाळ्यात आई दवाखान्यात होती. घरात मी एकटीच कमावणारी होते, आणि तीन महिने तर मी काहीच कमावले नाही. बहिणीकडून उसने घेऊन ते वर्ष निघाले. त्यानंतर मी कोणालाही "आधी उडी मारा, पुढचे पुढे पाहू" असा सल्ला दिलेला नाही.

त्या वेळची माझी दुसरी चूक तुमच्या बाबतीत आज अगदी नेमकी लागू होते, म्हणून ती सविस्तर सांगते. शाळा तुमचा भविष्य निर्वाह निधी कापत असेल, तर मालकाच्या हिश्श्यातला काही भाग कर्मचारी पेन्शन योजनेत जातो. या योजनेत 10 वर्षांची सेवा झाली की वयाच्या 58 व्या वर्षापासून तहहयात मासिक पेन्शनचा हक्क मिळतो. 10 वर्षांच्या आत बाहेर पडलात, तर एकरकमी थोडे पैसे काढून घेता येतात किंवा सेवेची नोंद असलेले स्कीम सर्टिफिकेट घेता येते. मी पैसे काढून घेतले आणि माझी 9 वर्षांची सेवा तिथेच संपली. स्कीम सर्टिफिकेट घेतले असते, तर पुढे कुठेही वर्षभर नोकरी करून ती सेवा जोडता आली असती. तुमची 8 वर्षे 10 महिने झाली आहेत, म्हणजे 14 महिने उरले आहेत. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरण्याची तरतूद नियमांत आहे, पण तिच्या काठावर विसंबू नये. पेन्शन मोजताना पगाराची मर्यादा 15,000 रुपये धरतात आणि त्याला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागतात. 10 वर्षांचे ते महिन्याला सुमारे 2,143 रुपये होतात. रक्कम लहान आहे हे मलाही कळते. पण एकट्या बाईच्या म्हातारपणी औषधांचा खर्च कोणाकडे न मागता भागवणारी ही रक्कम आहे, आणि ती तुमच्यापासून फक्त 14 महिने दूर आहे. या एका कारणासाठी आज नोकरी सोडू नका.

मग या 14 महिन्यांत काय करायचे? पहिले काम शिलकीचे. नोकरदार जोडप्यांना लोक सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगतात. मराठवाड्यात एकट्याने राहणाऱ्या व्यक्तीला मी 12 महिन्यांचा सांगते, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे छोट्या व्यावसायिकाच्या हातात पैसा शेतीच्या चक्राने येतो. जूनमध्ये बियाणे आणि खते उधारीवर जातात आणि दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकले गेले की ती उधारी वसूल होते. पाऊस हुकला की हे चक्र एखादा महिना थांबत नाही, पूर्ण वर्ष थांबते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते दिवस तुम्ही पाहिलेच आहेत. त्या वर्षी गंजगोलाईतल्या, म्हणजे लातूरच्या मुख्य बाजारपेठेतल्या दुकानांतही गिऱ्हाईक नव्हते. तुमचा घरखर्च 15,000 रुपये धरला तर वर्षाचे 1,80,000 होतात, आणि आईच्या आजारपणासाठी वेगळे 50,000 ठेवावेत. पगारातून 4,000 आणि जोडकामातून 5,000 असे महिन्याला 9,000 बाजूला पडले तर 14 महिन्यांत 1,26,000 जमतील. हातात आधीची लाखभर शिल्लक असेल तर गणित जमते. काहीच शिल्लक नसेल तर साधारण 26 महिने लागतील, आणि मग तेवढे थांबावे असेच मी सांगेन.

हे पैसे कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात पतसंस्था आणि मल्टिस्टेट संस्था बुडाल्या, आणि त्यांत एकट्या स्त्रियांच्या, निवृत्त शिक्षकांच्या ठेवी अडकलेल्या मी माझ्या टेबलासमोर पाहिल्या आहेत. एका विधवा भगिनीने पतीच्या विम्याचे सगळे पैसे दोन टक्के जास्त व्याजासाठी तिथे ठेवले होते. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थांना ते नसते. तुमची ही रक्कम वाढवण्यासाठी नाही, वेळेला हाताशी असण्यासाठी आहे. तेव्हा ती साध्या बँकेच्या मुदत ठेवीत किंवा पोस्टात ठेवा.

आरोग्याबाबत थोडक्यात सांगते. आईचे वय 70 च्या वर असल्याने आयुष्मान वय वंदना कार्डावर, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू शकते. ही सोय ऑक्टोबर 2024 पासून आहे. कार्ड काढले नसेल तर या महिन्यातच काढा आणि लातुरातली कोणती रुग्णालये त्यात आहेत याची यादी जवळ ठेवा. स्वतःसाठी वैयक्तिक आरोग्य विमा नोकरीत असतानाच घ्या. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी कमाल तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लावू शकते, म्हणून तो काळ जितका लवकर सुरू होईल तितका चांगला. रक्तदाब किंवा थायरॉईड असेल तर अर्जात लपवू नका. दाव्याच्या वेळी एकट्या माणसासाठी कंपनीशी भांडायला दुसरे कोणी नसते.

आता घर. तुम्ही एका वाक्यात लिहून सोडले आहे की भाऊ "एकदा कागद करून टाकू" असे म्हणतो. हा कागद म्हणजे बहुधा हक्कसोडपत्र असावे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल आणि घर त्यांच्या स्वकमाईचे असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही या तिघांचा त्यात सारखा हिस्सा आहे. घर किंवा जमीन वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही मुलाप्रमाणे जन्माने हक्क आहे. भावाशी वाकडे घ्या, असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडे माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात, आणि त्यामागची माया खोटी नसते. पण ज्या बहिणीला सासर आहे तिचे सही करणे वेगळे आणि ज्या बहिणीचे राहते घरच ते आहे तिचे सही करणे वेगळे. काम बदलण्याच्या या दोन-तीन वर्षांत डोक्यावरचे छप्पर ही तुमची सर्वांत मोठी ठेव आहे. भाड्याच्या घरात एकट्या स्त्रीला जागा मिळवताना काय काय ऐकून घ्यावे लागते हे मी अनुभवले आहे. तेव्हा आधी नगर भूमापन कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज करून तिघांची नावे मालमत्ता पत्रकावर लावून घ्या आणि भावाला प्रेमाने सांगा की पुढचा कागद आपण दोन वर्षांनी, आईच्या समोर बसून करू. नोंद झाल्याने भावाचे काही जात नाही, हेही त्याला समजावून सांगता येईल.

ओघात आले म्हणून विधवा वाचकांसाठी एक गोष्ट लिहिते, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. अपत्य नसलेल्या हिंदू विधवेने मृत्युपत्र केले नाही, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते; आई-वडिलांकडून मिळालेली मात्र वडिलांच्या वारसांकडे जाते. ज्या बहिणीने किंवा भाचीने आयुष्यभर सांभाळले तिला काही द्यायचे असेल तर साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्र करता येते. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, तरी नोंदणी करून घ्यावी असे मी सुचवते.

आता कामाचे आणि त्या कोर्सचे. तुम्हाला हिशेब येतो, टॅली येते, पालकांशी आणि शिक्षण खात्याच्या कागदांशी तुमचा नऊ वर्षांचा संबंध आहे. डिजिटल मार्केटिंगमध्ये यातले फारसे काही उपयोगी पडणार नाही आणि तुम्हाला बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांबरोबर पहिल्या पायरीवर उभे राहावे लागेल. ते काम वाईट आहे असे नाही. तुमच्या मनात त्याची ओढ असती तर मी वेगळे बोलले असते. पण तुमच्या प्रश्नात त्या कामाविषयी एकही ओळ नाही, फक्त कोर्सच्या जाहिरातीविषयी आहे. असा कोर्स विकणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: आमच्या जिल्ह्यातले, हा कोर्स पूर्ण करून आज त्यावर घर चालवणारे तीन जण दाखवा. आजवर कोणी दाखवलेले नाहीत. हप्त्यांवर कोर्स घेतला तर ते कर्ज बहुधा दुसऱ्याच एका वित्तसंस्थेचे असते, त्यामुळे शिकवणे पटले नाही तरी हप्ता थांबत नाही. दुसरा पगार नसलेल्या घरात नवा हप्ता आणू नये.

माझा अनुभव असा की चाळिशीनंतरचा बदल शेजारच्या शेतात पाऊल टाकावे तसा झाला तर टिकतो. तुमच्या शेजारची शेते मला स्पष्ट दिसतात. छोट्या दुकानांना, कृषी सेवा केंद्रांना, शिकवणी वर्गांना आणि वसतिगृहांना महिन्याचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर करून देणारे भरवशाचे माणूस हवे असते. जीएसटी व्यवसायी म्हणून नोंदणीसाठी वाणिज्य शाखेची पदवी चालते. परीक्षेची अट काय आहे ते अर्जाआधी नीट पाहून घ्या. दुसरे शेत शेतकरी उत्पादक कंपन्यांचे आहे. सोयाबीन आणि तुरीच्या खरेदीसाठी आपल्या भागात अशा बऱ्याच कंपन्या निघाल्या आहेत. त्या कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या असल्याने दरवर्षी लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा आणि कंपनी निबंधकांकडे विवरणपत्रे भरणे त्यांना चुकत नाही. लेखापरीक्षणावर सही सनदी लेखापाल करतो, पण त्याच्यापुढे ठेवायची कीर्द-खतावणी, सभासदांची यादी आणि पावत्या तालुक्याच्या गावी बसून कोणी तयार करायच्या, हा त्यांचा कायमचा प्रश्न असतो. शाळेचे कार्यालय नऊ वर्षे सांभाळलेल्या व्यक्तीला हे काम परके वाटणार नाही.

सुरुवात नोकरीत राहूनच करा. आधी नेमणूकपत्रात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का ते वाचा आणि असेल तर लेखी परवानगी मागा. मग ओळखीच्या दोन दुकानांचे काम महिना 1,500 रुपयांवर घ्या. फुकट करू नका, कारण फुकट कामावरून लोकांना ते किती हवे आहे हे कळत नाही. दर महिन्याला जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्या दुकानांचे 11 तारखेपर्यंत विक्रीचे आणि 20 तारखेपर्यंत कराचे विवरणपत्र भरायचे असते, त्यामुळे काम त्या दोन तारखांच्या आधी एकदम अंगावर येते. नोकरी सांभाळून चारपेक्षा जास्त दुकाने झेपत नाहीत, आणि चार दुकानांचे 6,000 होतात; वर मी धरलेले 5,000 तिथूनच येतात. एक पूर्ण आर्थिक वर्ष, मार्चअखेरीची धावपळ आणि आयकराची विवरणपत्रे यांसह, असे करून पाहिलेत की हे काम तुम्हाला आवडते का आणि लोक पैसे वेळेवर देतात का, हे तुम्हालाच कळेल.

"लातूर आहे, मेस काढ" असा सल्ला तुम्हाला नातेवाइकांनी दिला असेल तर त्याबद्दल सावध करते. लातूर पॅटर्नमुळे इथे विद्यार्थी भरपूर येतात हे खरे आहे. माझ्याकडे आलेल्या एका घटस्फोटित भगिनीने कर्ज काढून साठ मुलांची मेस सुरू केली. जुलै ते मार्च उत्तम चालली. मेच्या सुरुवातीला नीटची परीक्षा झाली की मुले गावी गेली, आणि नवे प्रवेश होईपर्यंत भाडे, स्वयंपाकाच्या बायकांचा पगार आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहिला. पहिल्या उन्हाळ्यातच तिने दागिने मोडले. तिचा स्वयंपाक चांगला होता आणि कष्टही कमी नव्हते. वर्षातले दोन-अडीच महिने रिकामे जाणार हे कर्जप्रस्तावात धरलेले नव्हते, एवढेच चुकले. पुढच्या वर्षी तिने हप्त्यांचे वेळापत्रक बदलून घेतले आणि उन्हाळ्यात पापड-कुरडयांची कामे घेतली, तेव्हा ती सावरली.

पुढे कधी मोठे काम करायचे ठरवलेत तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात कमाल वयाची अट ठेवलेली नाही आणि स्त्रियांना शहरी भागात 25 टक्के, ग्रामीण भागात 35 टक्के अनुदानाची तरतूद आहे. ते अनुदान हातात मिळत नाही, तीन वर्षे बँकेत तुमच्या नावे अडकवून ठेवतात, आणि ते फक्त नव्या उद्योगाला असते. जिल्हा उद्योग केंद्रात चालू वर्षाची स्थिती विचारून घ्या. प्रशिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला मुख्यालय असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे, आणि बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत निवासी वर्ग घेतात. तिथे मात्र कमाल वयाची मर्यादा असते आणि तुम्ही 43 च्या आहात, तेव्हा हे आधी विचारा. काही दारे बंद झाली आहेत, हे मान्य करून टाकावे. राज्य सरकारच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 ही वयोमर्यादा आहे, तर अटल पेन्शन योजनेत चाळिशीनंतर नाव घालता येत नाही. तुम्ही वकील व्हायचे राहून गेल्याचे लिहिले आहे. ते दार मात्र उघडे आहे. तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या प्रवेश परीक्षेला कमाल वयाची अट नाही. माझ्या मते त्याची वेळ आज नाही, कारण वर्गात हजेरी लागते आणि सनद घेतल्यावर पगारी नोकरी करता येत नाही. हिशेबाच्या कामातून घर चालू लागले की मग ती तीन वर्षे द्या. कराच्या कामाला कायद्याची जोड मिळाली तर तुमच्या तालुक्यात तुम्हाला काम कमी पडणार नाही.

एक गोष्ट पैशाइतकीच महत्त्वाची आहे आणि ती म्हणजे वेळ. एकट्या बाईचा वेळ नात्यातल्या सर्वांना सामाईक विहिरीसारखा वाटतो. चुलतभावाकडे लग्न आहे, मावशीला दवाखान्यात न्यायचे आहे, वहिनीचे बाळंतपण आहे, आणि "तुला काय, तू एकटीच आहेस" असे म्हणून प्रत्येक जण आपली मोट लावतो. नोकरीत असताना निदान दहा ते पाच या वेळेचा मान राखला जातो. घरून काम सुरू केले की तोही राहत नाही, आणि मी पाहिलेल्या एकट्या स्त्रियांचे घरगुती व्यवसाय भांडवलाइतकेच या कारणानेही मोडलेले आहेत. सामाईक विहिरीलाही पाळ्या ठरलेल्या असतात. तुम्हीही तशा ठरवा: महिन्यातले हे दोन रविवार नात्यांचे, बाकीचे माझे; 8 ते 20 तारखेपर्यंत मी कुठेही येणार नाही. शक्य असेल तर गंजगोलाईजवळ एखाद्या ओळखीच्याच्या कार्यालयात टेबलापुरती जागा भाड्याने घ्या. घराबाहेर बसून काम करणाऱ्या बाईच्या कामाला लोक काम मानतात. हे बरोबर नाही, पण पहिली दोन वर्षे याच्याशी भांडण्यात घालवू नयेत. याला मी एकच अपवाद करते, तो आईचा. तिच्या आजारपणाचे दिवस तुमच्या वेळापत्रकात आधीच धरा आणि भावाने पैशाऐवजी वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस येऊन राहावे, असे त्याच्याशी आत्ताच बोलून ठेवा. माझ्या अनुभवात भाऊ पैशाला लवकर हो म्हणतात. वेळ त्यांच्याकडे आधीच मागून ठेवावा लागतो.

थोडक्यात क्रम असा: पेन्शनची 10 वर्षे पूर्ण होईपर्यंत नोकरी, त्या काळात बारा महिन्यांची शिल्लक, आईचे कार्ड आणि तुमचा विमा, घराची वारसनोंद, आणि या सगळ्याबरोबर चार दुकानांचे काम. त्यानंतर नोकरी सोडायची की तीच अर्धवेळ करून मागायची, हे त्या वेळी हातात असलेल्या कामावरून ठरवता येईल.

या सगळ्याआधी एक गोष्ट आजच करा. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावरून तुमचे पासबुक काढा आणि दोन ठिकाणी पाहा. पहिली रक्कम कोणत्या महिन्यात जमा झाली, ते आधी पाहा. काही खासगी संस्था कर्मचारी कामावर लागल्यावर वर्ष-दीड वर्षाने कपात सुरू करतात, आणि तसे झाले असेल तर तुमची पेन्शनची सेवा 8 वर्षे 10 महिन्यांपेक्षा कमी भरेल. दुसरे म्हणजे पेन्शन योगदानाच्या रकान्यात दर महिन्याला रक्कम आहे का ते पाहा. पगार 15,000 च्या वर गेल्यावर तिथे 1,250 रुपये दिसायला हवेत. तो रकाना रिकामा असेल तर शाळेच्या कार्यालयात, म्हणजे तुमच्याच टेबलाशेजारी, त्याचे कारण विचारा. या दोन नोंदी आणि हातातली शिल्लक मला कळवा, म्हणजे 14 महिन्यांऐवजी नेमके किती महिने धरायचे ते सांगता येईल.